आजीची हळद आणि प्रयोगशाळेची मोजपट्टी



वर्धापनदिनी आरोग्यावर काही सांगा, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी विषय निवडला हळदीचा. कारण विळीवर बोट कापले की आपण आधी मिसळणाच्या डब्याकडेच धावतो!

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेने जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट, म्हणजे त्या उपयोगाचा मालकी हक्क, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिला. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. परिषदेने १९९६ साली हरकत घेतली. ‘आमच्याकडे घरोघर लावतात’ एवढे सांगून भागणार नव्हते. तेथे हवा होता लेखी पुरावा. जुन्या ग्रंथांतून व नियतकालिकांतून ३२ संदर्भ जमले. त्यांत १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आजीने जे तोंडी सांगितले ते कोणीतरी लिहून ठेवले होते, म्हणून निभावले.

मात्र वापर जुना ठरला म्हणून गुण सिद्ध झाला, असे नव्हे. तो मोजावा लागतो. उंदरांच्या पाठीवर सारख्या मापाच्या जखमा करतात. काहींना नुसते मलम, काहींना अर्क घातलेले मलम लावतात. जखमेची कड पारदर्शक कागदावर गिरवून ती किती आकसली हे ठरावीक दिवसांनी पाहतात. बिचारे उंदीर! पण नुसते मलम लावलेली जखमही आपोआप भरतच असते. ती तुलनेला नसेल तर श्रेय कोणाचे, हे कळणार कसे?

अर्क कशात काढला यावरही पुष्कळ अवलंबून असते. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये, तेलात विरघळते. आजी लेप तुपात कालवी, तो उगीच नसावा.

आपल्या मुलुंड-बोरिवलीकडे रुळांच्या कडेला उगवणारा दगडी पाला चुरडून जखमेवर बांधतात. त्याच्या अर्काच्याही अशा चाचण्या झाल्या आहेत. गंमत म्हणजे हे झाड मूळचे अमेरिकेचे!

आता घरचे. प्रयोगातला अर्क स्वच्छ आणि मोजलेला असतो, डब्यातली हळद तशी नसते. बाजारच्या हळदीत रंगासाठी शिशाचे क्रोमेट मिसळल्याचे प्रकार सापडले आहेत. किरकोळ खरचटले तर आधी साबणपाण्याने धुवा. जखम खोल असेल, गंजके लोखंड लागले असेल, किंवा घरातल्या मधुमेही माणसाच्या पायाला काही झाले असेल, तर हळदही नको नि पालाही नको; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.