रिक्षेचें हूड आणि मागची खिडकी

वांद्रे व शीव यांच्या दक्षिणेस मुंबईंत रिक्षांना मज्जाव आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथें मात्र रिक्षेवांचून पान हलत नाहीं. लोखंडी कमानींवर ताणलेलें रेक्झिनचें हूड हेंच तिचें छत. त्याच्या मागच्या खिडकीस कांच नसते. पारदर्शक प्लास्टिक शिवलेलें असतें. वर्षानुवर्षांच्या उन्हानें त्याचा लवचिकपणा जातो, तें पिवळें पडून तडकतें, आणि चालकास मागचा रस्ता धूसर दिसूं लागतो.

हूड धड असेल तर केवळ खिडकी बदलून भागतें. परंतु शिवणीपाशीं रेक्झिन जीर्ण झालें असेल, तर तें नवा टांका धरीत नाहीं; तेव्हां सबंध हूडच उतरवावें. कमानींवरचा गंज खरवडून रंग द्यावा. एरव्हीं गंजकी कड नवें रेक्झिन आंतून कापते. नवें हूड प्रथम उन्हांत पसरून मऊ करावें, मग मध्यापासून कडांकडे ताणावें. सुरकुती राहिली कीं तेथें पाणी सांचतें.

हें काम मेअखेरीसच उरकावें. एका दिवसाची कमाई बुडेल म्हणून चालक तें पुढें ढकलतो. जूनमध्यें सर कोसळते, उतारू भिजतो, आणि कारागिराच्या दारीं रांग लागलेली असते. वांचविलेला एक दिवस मग दोन दिवस घेऊन जातो.