सुलतानाच्या स्वप्नातले पाणी

(पेरुंगुडी, चेन्नई येथे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



मराठी घरांतील कित्येक पिढ्यांना चित्रांतून गोष्ट वाचण्याची गोडी लागली ती चेन्नईमुळे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठीत निघू लागला. पण तो सजे या शहरातील वडपळनीच्या छापखान्यात. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ महाराष्ट्रात गेला तो इथूनच. मात्र त्या चित्रांतील स्त्री बहुधा राजकन्या असे, आणि तिला सोडवायला कोणा तरी वीराला यावे लागे.

त्यापूर्वी जवळजवळ अर्धशतक, १९०५ साली, याच शहरात एक निराळी नायिका छापली गेली होती. कमला सत्यनाथन यांच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये बंगालच्या रोकेया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा आली. लेखिकेने शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. थोरल्या भावाने घरातील मंडळी झोपल्यावर तिला इंग्रजी शिकविले होते. कथेतील सुलताना आरामखुर्चीत पेंगते आणि स्त्रियांच्या राज्यात जागी होते. तेथे पुरुष पडद्याआड आहेत आणि स्त्रिया विद्यापीठे चालवितात. एका विद्यापीठाने नळ्या जोडलेला फुगा ढगांच्याही वर तरंगत ठेवून हवेतले पाणी हवे तेवढे उतरवून घेतले आहे. दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठविण्याची युक्ती काढली आहे. म्हणून स्वयंपाकघरात कोळसा नाही, धूर नाही. पुरुष या संशोधनाची थट्टा करतात आणि सैन्य वाढवीत बसतात. शत्रू चालून येतो तेव्हा सैन्य हरते. मग एक प्राचार्या आपल्या दोन हजार विद्यार्थिनी घेऊन रणांगणावर जाते आणि एकवटलेल्या सूर्यकिरणांनी शत्रूला पळवून लावते. पुरुषांना कोंडून ठेवणे हा काही न्याय नव्हे. पण जनानखान्यात वाढलेल्या स्त्रीने आरसा उलटा धरला तर त्यात असेच दिसणार!

कथा शंभर वर्षांची झाली तेव्हा, २००५ मध्ये, तिला चित्रे लाभली. येथून जवळच तिरुवान्मियूरला असलेल्या ‘तारा बुक्स’ने ती गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम यांच्याकडून रंगवून घेतली. दुर्गाबाईंचे नाव मराठी वाचकाला परके वाटू नये. पुढे सुभाष व्याम यांच्यासह त्यांनी ‘भीमायन’ या चित्रग्रंथात बाबासाहेबांचे चरित्र रेखाटले; शाळेत तहानलेला राहिलेला भीम आणि महाडचे चवदार तळे त्यात आहे. एका पुस्तकात आकाशातून उतरवलेले पाणी आणि दुसऱ्यात माणसांनी नाकारलेले पाणी. दोन्हींवर एकाच स्त्रीचा हात फिरला आहे.

पेरुंगुडीत बसलेल्या श्रोत्यांना पाण्याची गोष्ट वेगळी सांगायला नको. २०१५ च्या डिसेंबरात दक्षिण चेन्नईच्या वस्त्यांत पाणी शिरले. २०१९ च्या जूनमध्ये शहराचे जलाशय जवळजवळ कोरडे पडले. या राजमार्गावरील अनेक कंपन्यांनी तेव्हा कर्मचाऱ्यांना घरूनच काम करावयास सांगितले. रोकेयांच्या राज्यात फुग्याने पाणी ओढू लागल्यावर अतिवृष्टी आणि वादळेही थांबतात. अवर्षण आणि पूर हा एकच प्रश्न आहे, हे त्या गृहिणीने १९०५ मध्ये ओळखले होते. या भागातील काचेच्या इमारतींत आज संगणकावर काम करणाऱ्या आपल्या शाळेच्या मुलींसमोर तोच प्रश्न आहे, आणि टँकरची वाट पाहणे हे त्याचे उत्तर नव्हे.

अलीकडच्या चित्रकथांतही नायिका आल्या आहेत. अनंत पै यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या ‘टिंकल’ने २०१५ मध्ये ‘विंगस्टार’ ही मालिका काढली. तिची नायिका मापुई ही ऐझॉलची तेरा वर्षांची मुलगी. यंत्राच्या पंखांनी ती उडते, संकटात धावून जाते, आणि तरीही तिला साध्या शाळकरी मुलीसारखेच जगायचे आहे. मिझोरामची मुलगी मुलांच्या मासिकाची नायिका व्हावी, ही थोडी गोष्ट नव्हे. एक मात्र खटकते. मापुईची यंत्रे तिच्या वडिलांनी बनविलेली आहेत. रोकेयांच्या कथेत फुगाही मुलींचा आणि सूर्यकिरणे साठविण्याची युक्तीही मुलींची. शत्रूला लोळविणारी नायिका वाचकाला चटकन आवडते. पाना-पकड हाती घेऊन चुकणारी, पुन्हा जुळवाजुळव करणारी नायिका रेखाटणे चित्रकाराला अधिक कठीण जाते. उडण्याचे चित्र एका चौकटीत मावते, प्रयोग मावत नाही. पण मुलीला प्रयोगशाळेचे दार दिसायचे असेल, तर त्या कंटाळवाण्या चौकटीही काढाव्या लागतील.

रोकेयांनी स्वतः ते काम कागदावर सोडले नाही. पतीच्या निधनानंतर त्यांनी भागलपूरला मुलींची शाळा काढली. तिथून उठून कलकत्त्यास यावे लागले, तेव्हा १९११ च्या मार्चमध्ये त्यांनी पुन्हा आरंभ केला. त्या दिवशी वर्गात आठ मुली होत्या.