वराहपालन: नर विकत घेण्याआधी

वर्धा जिल्ह्यातल्या वराहपालक मित्रांनो, पैदाशीसाठी बाहेरून नर आणताय? मग नुसती अंगकाठी पाहून सौदा करू नका. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग भारतात 2020 साली आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा आढळला. कडक ताप, कानांवर-पोटावर लाल-जांभळे चट्टे, आणि बघता बघता मरतूक. औषध नाही. माणसाला तो होत नाही, पण गोठा रिकामा करतो. तेव्हा विक्रेत्याकडे पशुवैद्यकाचा दाखला मागा. नवं जनावर महिनाभर वेगळं बांधा. हॉटेलचं खरकटं उकळल्याशिवाय घालू नका, धोका तिथूनही येतो. संशय आला तर 2009च्या केंद्रीय कायद्यानुसार लगेच कळवणं बंधनकारक आहे. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले जातात. निकाल येईपर्यंत विक्री बंद, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी!