सिल्वासा : भूमी आणि माणसांची मोजदाद



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकविला. नकाशा वाचण्याआधी पायाखालची जमीन वाचावी, असा त्यांचा आग्रह असे. तो स्मरून आज मी आपल्याच गावाविषयी, म्हणजे सिल्वाशाची भूमी आणि तिच्यावर राहणारी माणसे यांविषयी, चार विचार मांडणार आहे.

प्रथम भूमी पाहू. सह्याद्रीच्या उतारावर, नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात उगम पावणारी दमणगंगा आपल्या प्रदेशातून वाहत पुढे दमणजवळ अरबी समुद्राला मिळते. पूर्वेला खानवेल-दुधनीकडे डोंगर आणि जंगल. पश्चिमेला वापीच्या दिशेने उतरत जाणारी सखल भूमी. डोंगर संपतात आणि मैदान सुरू होते, अशा सांध्यावर, नदीच्या काठी सिल्वासा वसले आहे. डोंगरातला माणूस बाजाराला येथे उतरतो आणि मैदानातला व्यापारी येथपर्यंत चढून येतो. गावाचे महत्त्व या स्थानात आहे.

सीमारेषा मात्र निसर्गाने आखलेल्या नाहीत. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या 'सांताना' या जहाजाचे नुकसान केले होते. त्याच्या भरपाईपोटी, १७७९ च्या तहानुसार, पेशव्यांनी १७८३ मध्ये नगर हवेलीचा महसूल पोर्तुगीजांकडे सोपविला. दादरा त्यांच्याकडे १७८५ मध्ये आले. दादरा हा वेगळा तुकडा राहिला. त्याच्या आणि नगर हवेलीच्या मध्ये आज गुजरातची भूमी आहे. उलट गुजरातचे मघवाल नगर हवेलीच्या पोटात आहे. ४९१ चौरस किलोमीटरच्या या मुलखाची वेडीवाकडी आकृती हा जुन्या महसुली हिशेबाचा अवशेष होय.

पोर्तुगीजांनी १८८५ मध्ये सिल्वाशाला नगराचा दर्जा देऊन त्याचे 'पासो द आर्कोस' असे नामकरण केले. ते नाव कागदावरच राहिले. लोकांच्या तोंडी सेलवासच टिकले. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी माणसे होती, हे या सभागृहात सांगावयास नकोच. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात विलीन झाला. पुढे २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाल्यावर राजधानीचा मान दमणला मिळाला आणि सिल्वासा जिल्ह्याचे ठाणे उरले.

आता माणसांकडे वळू. १९७१ च्या जनगणनेपर्यंत या साऱ्या प्रदेशात 'शहर' म्हणून गणलेली एकही वस्ती नव्हती. त्या वर्षी प्रदेशाची लोकसंख्या ७४,१७० होती. १९९१ मध्ये ती १,३८,४७७ झाली आणि २०११ मध्ये ३,४३,७०९. चाळीस वर्षांत साडेचारपटींहून अधिक! इतकी वाढ केवळ पाळण्यांनी होत नाही. पिपरिया, आमली, मसाट, राखोली या भागांत करसवलतींच्या आधारे कारखाने उभे राहिले. कृत्रिम धाग्याच्या व प्लास्टिकच्या उद्योगांना कामगार लागले आणि ते दूरदूरच्या राज्यांतून आले.

आकडे वाचतानाही विवेक हवा. सिल्वासा शहराची लोकसंख्या २००१ मध्ये २१,८९३ आणि २०११ मध्ये ९८,२६५. म्हणजे दहा वर्षांत साडेचारपट? तसे नव्हे. शेजारची आमली २००१ मध्ये स्वतंत्र मोजली गेली होती आणि ती सिल्वाशाहून मोठी, २८ हजारांवर होती. २००६ मध्ये नगरपरिषद स्थापन झाली आणि आमली शहरात आली. दोन्हींची बेरीज धरली, तर वाढ सुमारे दुप्पट ठरते. तीही थोडी नाही. परंतु माणसे किती वाढली आणि हद्द किती वाढली, हे वेगळे करता आले पाहिजे.

दुसरा आकडा अधिक बोलका आहे. १९७१ मध्ये प्रदेशात दर हजार पुरुषांमागे १,००७ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये केवळ ७७४. अशा आकड्यावरून मुलींच्या जीवाविषयी शंका घेण्याची आपल्याकडे सवय झाली आहे. येथे मात्र सहा वर्षांखालील मुलामुलींचे प्रमाण देशाच्या सरासरीहून वाईट नव्हते. तफावत प्रौढांत आहे. कारखान्यांसाठी आलेले कितीतरी पुरुष आपले कुटुंब गावी ठेवून भाड्याच्या चाळीतल्या एका खोलीत चौघे-पाचजण मिळून राहतात. त्यांचे श्रम येथे आणि संसार तेथे, अशी ही अर्धी लोकसंख्या आहे.

तिसरा आकडा या भूमीच्या मूळ माणसांचा. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, दुबळा इत्यादी अनुसूचित जमातींचे प्रमाण १९९१ मध्ये ७९ टक्के होते; २०११ मध्ये ते ५२ टक्क्यांवर आले. पण संख्या मात्र १,०९,३८० वरून १,७८,५६४ झाली. माणसे घटली नाहीत, त्यांचा वाटा घटला. ज्या नगरीचा कारभार संख्येच्या जोरावर ठरतो, तेथे या फरकाचे परिणाम दूरगामी आहेत. पाण्याची नळयोजना, शाळांचे माध्यम, बसचे मार्ग हे सारे कोणाच्या गरजेनुसार आखायचे, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. परप्रांतीय कामगाराचा द्वेष हे त्याचे उत्तर नव्हे. त्याच्या घामावरही हे शहर उभे आहे. पण भात आणि नागली पिकविणाऱ्या डोंगरकुशीतल्या माणसाने आपल्याच ठाण्यात परका होऊ नये, ही काळजी मला वाटते आणि ती आपणही वाहावी, अशी माझी विनंती आहे.

२०२१ ची जनगणना वेळेवर होऊ शकली नाही. आता ती २०२७ साठी जाहीर झाली आहे. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही त्या मोजणीत असाल. प्रगणक दारात येऊन मातृभाषा विचारील. घरात वारली किंवा कोकणा बोलली जात असेल, तर लाजून 'मराठी' वा 'गुजराती' सांगू नका. मराठीवर प्रेम करणारा मी हे मुद्दाम सांगतो. कारण मराठीचा मान दुसऱ्या भाषेची नोंद पुसून वाढणार नाही. आई-आजी निरक्षर असतील, तर त्यांच्या शेजारी उभे राहून उत्तरे नीट नोंदवून घ्या. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी योजना आखली जात नाही.

गुरुवर्यांचे खरे स्मारक या शाळेत बसलेली, आपला मुलूख डोळसपणे पाहणारी मुले हेच आहे.