आगींतून वाचलेलीं घरें



राजवाडे आणि किल्ले यांचा इतिहास पुष्कळ लिहिला जातो. व्यापारी गृहस्थांच्या घरांचा मात्र क्वचित्. आज मी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रॅन्सिस्को शहरांतील अशाच घरांविषयीं बोलणार आहें. इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणी राज्य करीत असतां हीं घरें बांधलीं गेलीं. आणि अमेरिका तिच्या राज्यांत नसूनहि त्या घरांना नांव पडलें तें तिचेंच.

सन १८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें, तेव्हां या बंदरांत सुमारें एक हजार माणसें राहात होतीं. सन १९०० च्या खानेसुमारींत ती संख्या ३,४२,००० वर गेली. इतक्या माणसांसाठीं घरें हवीं होतीं, आणि उत्तरेकडील किनाऱ्यावर रेडवुड वृक्षांचीं अफाट अरण्यें होतीं. तें लांकूड सरळ, कापावयास सोपें आणि सहसा न कुजणारें. वाफेच्या यंत्रांवर खांब, कंगोरे व नक्षीच्या पट्ट्या शेंकड्यांनीं तयार होत. जमिनीचे तुकडे बहुधा पंचवीस फूट रुंद, त्यामुळें घरें एकमेकांस खेटून उभीं राहिलीं. आंत उजेड यावा म्हणून दर्शनी भिंतींतून पुढें आलेल्या खिडक्या काढीत. आज जी शोभा वाटते, ती मूळची सोय होती.

सन १८७३ मध्यें अँड्र्यू हॅलिडी यानें जमिनीखालील दोरानें ओढली जाणारी गाडी सुरू केली आणि चढणीचा प्रश्न सुटला. नॉब हिल नांवाच्या टेकडीवर लेलंड स्टॅनफर्ड, मार्क हॉपकिन्स इत्यादि रेल्वेच्या धनिकांनीं आपले प्रासाद उभारले. त्यांहून बेताच्या ऐपतीचे व्यापारी आणखी पश्चिमेस वसले. त्यांतला एक विल्यम हास. हा बव्हेरियांतून आलेला, किराणा मालाचा घाऊक व्यापारी. सन १८८६ सालीं फ्रँकलिन रस्त्यावर त्यानें घर बांधविलें; शिल्पकार पीटर श्मिट, आणि खर्च १८,५०० डॉलर. कोपऱ्यावर गोल बुरूज, उतरतीं छपरें, आणि भिंतींवर माशाच्या खवल्यांप्रमाणें बसविलेल्या फळ्या, असें त्याचें रूप आहे.

ता. १८ एप्रिल १९०६ रोजीं पहांटे पांच वाजून बारा मिनिटांनीं भूकंप झाला. धक्का मिनिटभराचा, पण पाण्याचे नळ फुटले, आणि ठिकठिकाणीं लागलेली आग तीन दिवस विझली नाहीं. सुमारें २८,००० इमारती नष्ट झाल्या; तीन हजारांच्या आसपास माणसें मेलीं. नॉब हिलवरील प्रासादांपैकीं जेम्स फ्लड याच्या घराच्या दगडी भिंती तेवढ्या उरल्या. व्हॅन नेस हा सव्वाशें फूट रुंदीचा रस्ता. त्याच्या पूर्वेकडील हवेल्या सुरुंगांनीं उडवून तेथें आग अडविण्यांत आली. हास यांचें घर त्याच रस्त्याच्या पलीकडे, पश्चिमेस एकच गल्ली आंत. तें वाचलें.

येथवर दैवाची गोष्ट झाली. पुढची गोष्ट माणसांच्या निर्णयांची आहे, आणि तीच मला आज विशेष सांगावयाची आहे.

वाचलेल्या पश्चिम भागांत निराश्रित लोक शिरले. एकेका मोठ्या घराच्या अनेक खोल्या झाल्या. पुढें तेथें जपानी वंशाचीं कुटुंबें स्थिरावलीं. सन १९४२ मध्यें सरकारनें युद्धाच्या निमित्तानें त्यांना छावण्यांत धाडलें, आणि जहाजांच्या कारखान्यांत कामास आलेल्या कृष्णवर्णीय मजुरांनीं तीं घरें भरलीं. युद्ध संपल्यावर पुनर्रचनेच्या योजना निघाल्या. रंग उडालेलीं, दाटीवाटीचीं घरें निरुपयोगी ठरविण्यांत आलीं. पुढच्या दोन-तीन दशकांत व्हिक्टोरियाकालीन घरें पडलीं तीं अडीच हजारांच्या घरांत. आगीनें जें सोडलें, तें नकाशानें नेलें.

मग शहर जागें झालें. सन १९६७ मध्यें ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणाचा नियम झाला. सन १९६८ सालीं ज्युनियर लीग या स्त्रियांच्या संस्थेनें जुन्या घरांची पाहणी करून ती ग्रंथरूपानें छापली. घर कोणतें, कोणीं बांधलें, हें कागदावर आल्यावर तें पाडणें पूर्वीइतकें सोपें राहिलें नाहीं. सन १९७४ सालीं बारा घरें चाकांवर चढवून दुसऱ्या जागीं नेलीं. हास यांचें घर वंशजांनीं सन १९७३ मध्यें वास्तुरक्षणाच्या संस्थेस दिलें, आणि पुढें तें लोकांस पाहावयास खुलें झालें. अनेक रंगांत घरें रंगविण्याची चाल सन १९६३ च्या सुमारास सुरू झाली. स्टाइनर रस्त्यावरील सन १८९२ ते १८९६ या काळांतील घरांची रांग त्या रंगांमुळेंच जगभर ओळखीची झाली.

परंतु एक हिशेब अजून राहतो. उठविलेल्या कुटुंबांना परत येण्याविषयींचे दाखले दिले होते. त्यांचा उपयोग करूं शकलेलीं कुटुंबें फार थोडीं. घरासाठीं चाकें मिळालीं, घरांतल्या माणसांसाठीं कागद मिळाला.

म्हणून जुन्या घराचें मोल ठरवितांना त्याचें लांकूड, नक्षी आणि वय जरूर पाहावें. पण त्यांत आज चूल कोणाची पेटते, हेंहि त्याच वहींत लिहून ठेवावें. पाहणी करणाऱ्यानें तो रकाना कोरा ठेवूं नये, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.