कार्यालयातील संगणक : कळफलकापासून कोष्टकापर्यंत

(तालुका पातळीवरील प्रशिक्षणवर्गाच्या प्रारंभी अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



शासकीय कार्यालयात संगणक आला तो प्रथम टंकलेखनयंत्राच्या जागी येऊन बसला. टेबल तेच, खुर्ची तीच आणि पुष्कळदा माणूसही तोच. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र तयार केले आणि २००९ साली त्याचे उत्पादन थांबविले. यंत्र गेले; परंतु अर्धशतकात अंगवळणी पडलेल्या सवयी यंत्राबरोबर सेवानिवृत्त झाल्या नाहीत. आजही कित्येक कार्यालयांत संगणक म्हणजे पडदा जोडलेले टंकलेखनयंत्र असाच समज आहे. पत्र तयार होते, कागदावर छापले जाते, त्यावर सही होते. आणि त्याच पत्रातील आकडे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विवरणपत्रासाठी दुसरा कर्मचारी पुन्हा हाताने टंकित करतो. एवढ्यासाठी इतके महाग यंत्र कशाला हवे होते, असे कोणी विचारल्यास त्याला दोष देता येणार नाही.

महाराष्ट्रात संगणक-साक्षरतेची चळवळ नवी नाही. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्याच्या 'एमएस-सीआयटी' या अभ्यासक्रमाची केंद्रे गावोगावी निघाली. शासकीय सेवेत संगणक-अर्हतेची अट आली, तसे कर्मचारी त्या वर्गांना बसले, परीक्षा उत्तीर्ण झाले आणि प्रमाणपत्राची प्रत सेवापुस्तकाला जोडली गेली. हे कार्य मोलाचे होते, यात संशय नाही. तथापि प्रमाणपत्र सेवापुस्तकात सुरक्षित राहते, तसे कौशल्य राहत नाही. वापर नसेल तर ते सहा महिन्यांत विरते. पोहण्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन नंतर वीस वर्षे काठावर बसून राहिलेल्या माणसासारखी अनेकांची अवस्था झालेली आहे.

प्रारंभ कळफलकापासूनच करावा लागेल, कारण मराठी टंकलेखनाचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पूर्वी 'शिवाजी', 'कृतिदेव' आदी टंकांमध्ये मराठी मजकूर तयार होत असे. पडद्यावर अक्षर मराठी दिसे. परंतु संगणकाच्या पोटात ते रोमन अक्षरच असे. तो टंक ज्या संगणकावर नाही, तेथे मजकूर उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसे. अशा मजकुरात नाव शोधता येत नाही, यादी वर्णानुक्रमे लावता येत नाही. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळाला आणि ही अडचण मुळातून दूर झाली. असे असूनही जुन्या टंकातील नमुने एकाची नक्कल दुसऱ्याने करीत काही ठिकाणी अद्याप चालू आहेत. ती प्रथा जितक्या लवकर मोडेल तितके बरे.

युनिकोडसाठी 'इन्स्क्रिप्ट' कळफलक शिकणे इष्ट. शिक्षकांना त्याची रचना पाहताच ओळखीची वाटेल, कारण ती आपल्या वर्णमालेला धरून आहे. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताखाली, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली. ज्या कळीवर क, त्याच कळीवर 'शिफ्ट' दाबल्यास ख; ग च्या कळीवर घ; त च्या कळीवर थ. अल्पप्राण व महाप्राण ही जोडी प्राथमिक शाळेत शिकविली जाते, तीच येथे बोटांना शिकवायची. जोडाक्षर करावयाचे तर पहिले व्यंजन, मग हलन्त, मग दुसरे व्यंजन. जुन्या टंकलेखकांना मात्र एक सवय मोडावी लागते. टंकलेखनयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून आधी उमटवीत. येथे ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. 'किती' लिहिताना आधी क, मग वेलांटी. तीस वर्षांच्या सवयीला हे उलटे वाटते आणि पहिला पंधरवडा चुकांचाच जातो. त्याबद्दल कोणी कोणाला हसू नये.

पत्रलेखनाच्या आज्ञावलीबद्दल फार सांगण्याचे कारण नाही. अंतर सोडण्यासाठी स्पेसची कळ वीस वेळा दाबू नये; त्यासाठी टॅबची कळ आहे, नाही तर दुसऱ्या संगणकावर उघडलेल्या पत्रातील मजकूर जागा सोडून पळतो. तीनशे थकबाकीदारांना नोटिसा पाठवावयाच्या असतील, तर तीनशे पत्रे टंकित करण्याची गरज नाही. एक मसुदा आणि एक यादी यांची 'मेल मर्ज'ने सांगड घातली की प्रत्येकाचे नाव व रक्कम आपापल्या जागी बसते. अर्धा दिवस शिकण्यात जाईल, पण पुढे दरवर्षीचा आठवडा वाचेल. फाईलला नाव देताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. 'अंतिम', 'नवीन अंतिम', 'खरे अंतिम' अशी नावे ठेवण्याची रीत कोठे सुरू झाली, हे शोधण्याजोगे आहे!

खरा प्रश्न आहे तो कोष्टकाचा. 'एक्सेल' अथवा तत्सम आज्ञावली ज्याला समजली, त्याला कार्यालयाचे निम्मे काम समजले. आणि ज्याला ती अर्धवट समजली, त्याच्यापासून कार्यालयाला धोका आहे. हे विधान कठोर वाटेल. म्हणून काही उदाहरणे पाहू.

कोष्टकाच्या चौकटीत '७/१२' असे इंग्रजी अंकांत टंकित करून पाहावे. संगणक त्याला सातबारा समजत नाही. तो त्याची तारीख करतो. भूमापन क्रमांक व हिस्सा '१२/२' असा लिहिला, तर आपल्याकडच्या मांडणीत तो १२ फेब्रुवारी होतो. शंभर खातेदारांच्या यादीत अशा वीस तारखा शिरल्या, तर कोणाची जमीन कोणती, हे त्या यादीवरून सांगता येणार नाही. बँकखात्याच्या क्रमांकाची गत याहून वाईट आहे. क्रमांकाच्या आरंभी शून्य असेल तर ते गळते. आणि क्रमांक १५ अंकांहून मोठा असेल तर पंधराव्या अंकापुढील प्रत्येक अंकाच्या जागी शून्य बसते. संगणक याची सूचनाही देत नाही. घरकुलाच्या वा शिष्यवृत्तीच्या यादीत असे घडले, तर त्या लाभार्थ्याचे पैसे अडकतात. आणि तो कार्यालयाच्या पायऱ्या झिजवीत राहतो. उपाय मात्र एका मिनिटाचा आहे. आकडे भरण्यापूर्वी तो संपूर्ण स्तंभ निवडून त्याचे स्वरूप 'टेक्स्ट', म्हणजे मजकूर असे ठरवावे. आधी, नंतर नव्हे. कारण एकदा गेलेला अंक परत येत नाही.

जेथे बेरीज करावयाची, तेथे नियम नेमका उलटा. रकमेच्या चौकटीत केवळ आकडा असावा. कोणी '५०० रु. बाकी' असे लिहिले, की ती चौकट मजकूर ठरते आणि बेरजेचे सूत्र तिला मुकाट्याने वगळते. नमुना ९ मधील मागणीची बेरीज अशाने कमी भरते; आणि संगणकाने केलेली बेरीज म्हणून तिच्याविषयी कोणी शंकाही घेत नाही. तिसरा अपघात वर्णानुक्रमे मांडणी करताना होतो. नावांचा स्तंभ तेवढाच निवडून क्रम बदलला, तर नावे हलतात आणि रकमा जागेवर राहतात. एकाची थकबाकी दुसऱ्याच्या माथी येते. संगणक येथे एकदा विचारतो खरा. परंतु वेळ मार्च अखेरीची असते आणि टिचकी घाईत मारली जाते.

असे प्रकार केवळ आपल्याकडे घडतात, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. २०२० सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने कोविडच्या चाचण्यांचे अहवाल एकत्र करताना एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील फाईल वापरली. त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. ओळी संपल्या आणि उरलेले अहवाल बाहेर राहिले. १५,८४१ रुग्णांची नोंद दैनंदिन आकडेवारीत वेळेवर आली नाही आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. नव्या स्वरूपात दहा लाखांहून अधिक ओळींची सोय १३ वर्षांपूर्वीच, २००७ साली झालेली होती. कोणती फाईल कोणत्या स्वरूपात साठवावी, एवढ्या प्राथमिक माहितीचा हा प्रश्न होता.

पंचायत सदस्यांसाठी एक विषय स्वतंत्रपणे बोलावा लागेल. २०२० च्या एप्रिलमध्ये 'ई-ग्रामस्वराज' ही प्रणाली सुरू झाली आणि वित्त आयोगाच्या निधीतील देयके संगणकाद्वारे, अंकीय स्वाक्षरीने अदा होऊ लागली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० प्रमाणे या स्वाक्षरीला कायद्याची मान्यता आहे. ज्या छोट्या उपकरणात ती साठविलेली असते, ते उपकरण आणि त्याचा परवलीचा शब्द सरपंचांनी दुसऱ्याच्या स्वाधीन केला, तर तो कोऱ्या धनादेशांच्या पुस्तकावर सह्या करून देण्यासारखाच व्यवहार होय. संगणक परिचालक प्रामाणिक असतो, ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना गाव अजून ग्रामसेवकच म्हणते, तेही प्रामाणिक असतात. परंतु उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर उत्तर सही ज्याची त्यालाच द्यावे लागते. पंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. निवडून आलेल्या सरपंचबाईंच्या वतीने घरातील दुसऱ्या कोणी ते उपकरण सांभाळावे, ही व्यवस्था कितीही सोयीची वाटली, तरी ती त्यांचा अधिकार काढून घेणारी आहे. देयक पडद्यावर उघडणे, रक्कम व नाव वाचणे, आणि मगच मान्यता देणे, एवढे शिकण्यास फार तर दोन दुपारी लागतात. अक्षरओळख असलेल्या कोणाही व्यक्तीला ते जमते.

वयाची सबब वारंवार पुढे येते. पन्नाशीतील माणसाची बोटे सावकाश चालतात, हे खरे. पण कोणत्या नोंदीत काय चूक असू शकते, हे त्यालाच अधिक कळते. तरुण कर्मचारी कोष्टक झटपट करील. पण अमुक वाडीची मागणी इतकी कमी कशी, हा प्रश्न जुन्या लिपिकालाच पडेल. म्हणून एका संगणकावर एक जुना व एक नवा अशी जोडी बसवावी आणि कळफलक जुन्याच्या हाती द्यावा. शिकविणाऱ्याने हात मागे बांधून उभे राहावे. त्याने 'सरका, मी करून देतो' असे म्हटले, की तेथे शिक्षण थांबलेच.

या वर्गात पुस्तकातील काल्पनिक उदाहरणे घेतली जाणार नाहीत. ग्रामपंचायतीकडून आलेल्यांनी नमुना ८ ची दहा पाने, शिक्षकांनी आपल्या वर्गाचा हजेरीपट आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी मागील महिन्याचे एक विवरणपत्र सोबत आणावे. पहिले तीन दिवस केवळ इन्स्क्रिप्टचा सराव होईल, चौथ्या दिवशी कोष्टक उघडले जाईल. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या यादीची बेरीज आधी कागदावर करून आणावयाची आहे; संगणकाची बेरीज तिच्याशी ताडून पाहिली जाईल आणि दोहोंत फरक आढळल्यास तो कोठे पडला हे सापडेपर्यंत पुढचा धडा सुरू होणार नाही.