देवाला दिलेली वेळ
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी कीर्तनकार नव्हे, पंडितही नव्हे. दहावी शिकलेला आणि तहसील कचेरीत कारकुनी करणारा माणूस आहे. अर्ज, दाखले आणि आवक-जावक यांच्यापलीकडे माझी विद्या जात नाही. सबब बोलणे रुक्ष वाटल्यास सांभाळून घ्यावे.

मंदिर उभे राहिले. कोणी रोख दिली, कोणी सिमेंटची पोती दिली, कोणी कापूस विकल्याबरोबर पहिली नोट येथे आणून ठेवली. नोकरीनिमित्त नागपूर-पुण्याकडे गेलेल्यांनी तिकडून पाठविले, आणि ज्यांच्यापाशी देण्यासारखे काही नव्हते त्यांनी उन्हात घमेली वाहिली. त्या सर्वांची नावे या स्मरणिकेत आहेतच. मी ती पुन्हा वाचीत नाही. मला बोलावयाचे आहे ते उद्याच्या दिवसाबद्दल.

ऊन, पाऊस आणि वारा यांनी मंदिर जीर्ण व्हावयास पिढ्या लागतात. माणसाच्या सवयींना तीन महिने पुरतात. कोपऱ्यात खर्ऱ्याची पिचकारी, पारामागे खर्ऱ्याच्या पन्न्या, कापूर-उदबत्तीची रिकामी पाकिटे, नारळाच्या शेंड्या, आणि निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून थेट धाम नदीत. काम चालू असताना रंगारी मंडळाला म्हणाला, "भाऊ, खालचे तीन फूट तांबडा ऑइलपेंट देऊन टाका, डाग दिसत नाहीत." बिचाऱ्याचा अनुभव तसाच असणार. मंडळाने विचार केला आणि भिंत खालपर्यंत पांढरीच ठेवली. आता ती पांढरी राहते की नाही, हे रंगाऱ्याच्या हाती उरले नाही.

ज्या धाम नदीत आपण निर्माल्य टाकतो, तीच पुढे पवनारला विनोबाजींच्या आश्रमाच्या पायाशी जाते. विनोबाजी तेथे 1938 साली राहावयास आले. त्यांची भूदान पदयात्रा सर्वांना ठाऊक आहे. 1951 साली तेलंगणातील पोचमपल्लीपासून ती सुरू झाली. पण त्याआधी त्यांनी आपल्याच जिल्ह्यात एक काम केले, ते फार थोड्यांना माहीत आहे. तुरुंगातून सुटून आल्यावर, 1946 साली, त्यांनी पवनारहून सुमारे तीन मैलांवरील सुरगाव येथे रोज सफाईस जाण्याचे ठरविले. वय पन्नाशीचे, प्रकृती नाजूक. खांद्यावर फावडे घ्यावयाचे, पायी जावयाचे, रस्त्यांवरची आणि गावकडेची घाण स्वतःच्या हाताने उचलावयाची आणि पायीच परत यावयाचे. जाण्यायेण्यात आणि कामात दिवसाचे तीनेक तास जात. वेदान्त जाणणारा, अनेक भाषा येणारा माणूस हे काम करी. बरोबर फोटोवाला नव्हता, की फीत कापावयास कोणी पुढारी नव्हता.

पावसाळ्यात एके दिवशी वाटेतला नाला भरून आला. पलीकडे जाणे शक्य नव्हते. आपण काय केले असते? घरूनच आभाळ पाहिले असते आणि पांघरूण ओढले असते. विनोबाजी नाल्यापर्यंत गेले. पलीकडच्या काठावर एक माणूस दिसला, त्याला त्यांनी हाक मारली आणि सांगितले की, मंदिरात जाऊन देवाला निरोप द्या, गावचा सफाईवाला आला होता, पण पुरामुळे त्याला अलीकडूनच परत जावे लागले. तो माणूस म्हणाला, पुजाऱ्याला सांगतो बाबाजी येऊन गेले म्हणून. विनोबाजींनी त्याची दुरुस्ती केली: बाबाजी आले असे नव्हे, सफाईवाला आला असे सांगावयाचे, आणि पुजाऱ्याला नव्हे, देवाला.

मंडळी, ही हकीकत मला फार मोलाची वाटते. सुरगावच्या लोकांनी त्या दिवशी विचारलेही नसते की आज का नाही आला. पण वेळ दिली होती ती देवाला. देवाला दिलेली वेळ चुकवायची नाही, आणि चुकलीच तर कळवायचे. कचेरीतला साधा नियम सांगतो. आलेले टपाल त्याच दिवशी आवक नोंदवहीत चढले पाहिजे. आजचे दहा कागद उद्यावर गेले तर उद्या वीस होतात, आणि परवा ते नोंदविण्याची इच्छाच राहत नाही. सवयीचेही असेच आहे. एक दिवस पाच तास झाडण्यापेक्षा रोज दहा मिनिटे झाडणे अवघड, पण टिकते तेच. 1948 साली गांधीजींच्या हत्येनंतर निर्वासितांच्या कामासाठी विनोबाजींना दिल्लीकडे जावे लागले, तोपर्यंत त्यांचा हा क्रम चालू होता.

त्याआधीचीही एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या वर्धेकरांना थोडी टोचणारी आहे. सेवाग्रामला जाण्यापूर्वी, 1935 च्या सुमारास, गांधीजी वर्ध्यात मगनवाडीत राहत होते. तेथून त्यांची माणसे जवळच्या सिंदी गावात सफाईस जात. महादेवभाई देसाई, म्हणजे गांधीजींचे चिटणीस, तेही हातात झाडू आणि बादली घेऊन जात. लोक रोजच्यासारखे रस्त्याकडेला बसत आणि ही मंडळी मागून उचलीत. असे सांगतात की, एकाने तर महादेवभाईंना बोट दाखवून सांगितले, तिकडेही पडले आहे, तिकडे जा. दुसरा आपली घाण काढतो आहे हे दिसत असूनही आपली सवय सुटत नाही! कारण सवय डोळ्यांना ठाऊकच नसते, ती हाताला आणि पायाला ठाऊक असते.

खर्ऱ्याचेच पाहा. खिशाकडे हात जातो तेव्हा मनाने हुकूम दिलेला नसतो. पन्नी निघते, घोटली जाते, तोंडात पडते आणि मग लक्षात येते. तंबाखूचे दुष्परिणाम सर्वांना माहीत आहेत. पण नुसत्या सुपारीनेही तोंडाची आतली कातडी कडक होत जाते, पुढे तोंड पुरते उघडत नाही, भाकरीचा घास जात नाही, हे तरुण पोरांना कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात 2012 साली गुटखाबंदी झाली. बंदीचा कागद कचेरीत येतो, मीच तो आवकेत चढवतो. खिशाकडे जाणारा हात कागदाने थांबत नाही. तो थांबतो, हात निघाला हे आपल्याला त्याच क्षणी दिसले तर.

हे दिसावे यासाठीच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना असा नेम गावोगाव लावून दिला. आपल्या भागात गुरुदेव सेवा मंडळाचे जुने लोक तो अजून पाळतात. थोडा वेळ ताठ बसावयाचे आणि मन कोठे धावते ते पाहावयाचे. ज्याला स्वतःचे धावणारे मन दिसले, त्याला धावणारा हातही दिसू लागतो. गाडगेबाबाही कीर्तनाआधी गाव झाडीत, मग बोलत. त्यांच्या नावाने शासनाने 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अभियानाने चांगले काम केले, यात शंका नाही. पण तपासणी समिती यावयाच्या आदल्या दिवशी गाव कसे चकाकते आणि समिती गेल्यावर आठव्या दिवशी कसे दिसते, हे सरकारी नोकराने तुम्हाला काय सांगावे!

येथे माता-भगिनींबद्दल बोललेच पाहिजे. पहाटे अंगण झाडणे, सडा, रांगोळी हा नेम त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविला. त्यासाठी शाल नाही, श्रीफळ नाही. आम्ही पुरुष मात्र एक दिवस झाडू धरला की चार जणांनी पाहावे असे वाटते. जपानमध्ये शाळेतील मुले-मुली आपले वर्ग स्वतःच झाडतात. आपल्या पोरांच्याही हाती झाडू द्या, पोरींच्याच हाती नको.

एकदम दहा नेम कोणी धरू नयेत. आपल्याकडे आषाढीला धरलेले नेम पोळ्यापर्यंत सुटतात. एकच धरावा, आणि तो आधीपासून चालत असलेल्या गोष्टीला जोडावा. दर्शन झाले की परतताना एक पन्नी उचलायची. जेवावयास बसलो की मोबाईल दुसऱ्या खोलीत. महाप्रसादाच्या पंगतीत पान उचलण्यापूर्वी एकदा पानाकडे पाहायचे. तेवढ्यानेच पुढच्या पंगतीला वाढून घेताना हात आवरतो. वाढपी मंडळींनाही विनंती आहे की, आग्रह करून बुंदी वाढू नका, ती शेवटी उकिरड्यावर जाते. आग्रह ही आपली चांगली सवय मानली जाते, पण अन्न टाकावयास लावणारा आग्रह मला तरी चांगला वाटत नाही.

आता मंडळाने सोपविलेले निवेदन करतो. सभामंडपाच्या मागच्या बाजूस खड्डा खणला आहे. निर्माल्य त्यात टाकावे, पिशवी परत घरी न्यावी. खर्रा, तंबाखू असणाऱ्यांनी पुडी बाहेर चपलांपाशी ठेवून आत यावे. कोणी चोरणार नाही. उद्यापासून रोज पहाटे साडेपाचला सफाई आहे, दहा मिनिटे, त्यानंतर आरती. आळीपाळीने येणाऱ्यांची नावे लिहिण्यासाठी वही पुजारीबुवांकडे ठेवली आहे. एखाद्या दिवशी येणे जमले नाही तर निरोप पाठवावा. झाडू चार आहेत, पाचव्याने घरून आणावा.